संतपूरच्या माळवदावरचं आरमार

देशाच्या नौदलाला समुद्राची जेवढी काळजी असेल त्याच्या दुप्पट काळजी माझे मामा संतपुरात बसून करतात. संतपूर हे मराठी-कन्नड सीमेवरच्या औराद तालुक्यातलं असं गाव आहे की तिथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्राच्या आधी सोयाबीन, तूर आणि ज्वारीच लागते. पाणी बोअरचं, आणि पावसाळ्यात ओढ्याला जरा जास्त आलं तर ते बघायला सगळं गाव जमतं. अशा गावातून मामा तरुणपणी नौदलात का गेले, हे त्यांनाही धड सांगता येत नाही. भरतीच्या ठिकाणी दोन लायनी होत्या, पायदळाची लांब होती आणि मला भूक लागली होती, एवढंच ते सांगतात. पण एकदा गेले ते असे गेले, की निवृत्त होऊन परत आले तरी जहाजावरून काही उतरले नाहीत. जहाज फक्त बदललं. आता त्यांच्या घराचं माळवद म्हणजे वरचा डेक, गोठा म्हणजे इंजिन रूम, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. उंबऱ्यावर येणाऱ्यानं 'जहाजावर यायची परवानगी आहे का' असं विचारल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. माझे सासरे, बसवकल्याणचे धान्याचे व्यापारी, शरीरानं भरपूर, पहिल्यांदा भेटीला गेले ते भर उन्हात दारातच उभे राहिले. काय विचारायचं ते त्यांना समजेना आणि मामा सांगेनात. शेवटी मामी बाहेर आली आणि म्हणाली, "येऊ द्या की त्यास्नी, वितळायलेत." तेव्हा कुठं ते आत आले आणि तांब्याभर पाणी उभ्यानंच प्याले.

मामा नौदलात सिग्नलमन होते. दोन हातांत दोन झेंडे घ्यायचे आणि हात वरखाली करून एकेक इंग्रजी अक्षर समोरच्या जहाजाला कळवायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी गावात तसंच चालू ठेवलं. त्यांचं शेत घराच्या माळवदावरून नीट दिसतं. सकाळी दहाच्या सुमाराला मामा बांधावर उभे राहून झेंडे हलवतात, मामी माळवदावर वाळत घातलेली मिरची खालीवर करता करता ते वाचते आणि गड्याबरोबर चहा पाठवते. मी एकदा त्यांना म्हणालो, मामा, खिशात मोबाईल आहे की. तर म्हणाले, "मोबाईलला रेंज लागतीय. झेंड्याला निसता उजेड लागतोय." मामी सातवीपर्यंत शिकलेली, तीही कन्नड शाळेत. लग्न होऊन विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये गेली तेव्हा तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मामांचं जहाज बंदराबाहेर उभं असलं की ते डेकवरून झेंडे हलवायचे आणि ही गच्चीवर उभी राहून बघायची. त्यामुळं तिला इंग्रजी आधी हातांनी आलं आणि मग पुस्तकातून. आजही बँकेत सही करायची वेळ आली की पेन टेकायच्या आधी तिचा डावा कोपर जरासा उचलला जातो, आणि मागं उभा असलेला माणूस दचकून दोन पावलं सरकतो.

पण मामांचं खरं वेड म्हणजे पुरस्कार. दर वर्षी डिसेंबरात, तुरीला शेंगा भरायच्या दिवसांत, नौदल दिन येतो आणि त्या दिवशी मामा संतपुरात 'नेतृत्व व उत्कृष्टता पुरस्कार' देतात. समितीचे अध्यक्ष मामा, सदस्य मामा आणि हरकत घ्यायची असेल तर ती ऐकून फेटाळणारेही मामाच. शाल आणि नारळ त्यांना मुळीच चालत नाही. सत्कार काय, माणूस साठीचा झाला की कुणीही करतं; पुरस्कार कामाचा असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुरस्कार भांड्यांचे. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर घालतात तसं विजेत्याचं नाव भांड्यावर घातलेलं असतं. उत्कृष्टतेला झाकणाचा डबा, नेतृत्वाला स्टीलची कळशी. हुमनाबादच्या ज्या दुकानात ही भांडी घेतात तिथला मालक मामा दिसले की आधी खुर्ची पुसतो. विजेते म्हणाल तर कसेही. एका वर्षी औराद गाडीच्या कंडक्टरला कळशी मिळाली, कारण नाल्याला पाणी असताना त्यानं सगळ्यांना खाली उतरवून, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन, गाडी पलीकडं काढली. एका वर्षी ती सर्जा नावाच्या बैलाला मिळाली. मालक गाडीत झोपलेला असताना सर्जानं फाट्यावर योग्य रस्ता धरून गाडी घरी आणली होती. बैलाला कळशी काय कामाची, म्हणून बादली दिली आणि तिच्यावर 'सर्जा' असं नाव घातलं. मालकाचं तोंड उतरलं. बैल माझा, तर नाव निदान खाली माझं तरी घाला, असं त्याचं म्हणणं. मामा म्हणाले, "तू झोपला होतास. ड्युटीवर झोपणाऱ्याला जहाजावर शिक्षा असतीय, बक्षीस नसतंय." ती बादली अजून सर्जाच्याच पाण्याला आहे.

या सोहळ्याचे नियम मामांनी नौदलातून जसेच्या तसे आणलेत. आधी कामगिरी वाचायची, मग विजेत्याचं नाव देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं तीनदा पुकारायचं, आणि मग ताटातलं भांडं उचलून द्यायचं. नाव पुकारल्याबिगर पुरस्कार नाही. ताट धरायचं काम मामीचं. मखमलीचं निळं कापड घातलेलं मोठं ताट दोन्ही हातांत धरून ती अख्खा कार्यक्रम मामांच्या डाव्या बाजूला उभी असते. या ताटाची एक गोष्ट आहे आणि ती मामा हसत हसत सांगतात. नौदलात मोठ्या समारंभाला पदकांचं ताट धरायला मामांनाच उभं करायचे, कारण त्यांचे हात जराही हलत नसत. पांढरे हातमोजे घालून ते उभे, आणि मोठे साहेब ताटातून एकेक पदक उचलून दुसऱ्यांच्या छातीवर लावायचे. "किती पदकं माझ्या नाकाखालून गेली," मामा म्हणतात, "छातीवर एक बी चढलं न्हाई." आणि स्वतःच इतके हसतात की समोरच्याला हसावं की नाही ते कळत नाही. मला त्या हसण्याचं नेहमी वाईट वाटत आलंय.

आता असं झालं, की मागं एका सुगीत शेजारच्या शिवारात काढून रचलेल्या सोयाबीनच्या बनमीवर, म्हणजे गंजीवर, विजेच्या तारेची ठिणगी पडली आणि ती पेटली. मामांनी माळवदावरून धूर सगळ्यांच्या आधी बघितला. त्यांनी ताबडतोब पितळी शिट्टी फुंकली, झेंडे काढले आणि इंग्रजीतून आगीचे हुकूम सोडले. सगळं नियमाप्रमाणे. अडचण एवढीच, की ते दर महिन्याला असाच सराव घेतात. मामांना अप्पा म्हणणाऱ्या गावानं वर बघितलं, अप्पांचा सराव चालू आहे म्हणून मान हलवली आणि आपापल्या कामाला लागलं. मामीनं मात्र पदर खोचला आणि रस्त्यावर आली. मराठीत बायकांना घागरी घेऊन बोअरपासून ओळीनं उभं केलं, कन्नडमधून ट्रॅक्टरवाल्याला जागेवरून उठवलं, पाठीवरच्या फवारणीच्या पंपात औषधाऐवजी पाणी भरून पोरांना पुढं घातलं आणि दखनीतून जे काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही, पण त्यानं चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी पळत आली. पेटलेला भाग ट्रॅक्टरनं ओढून वेगळा केला. अर्ध्याहून जास्त बनीम वाचली. मामा वर शिट्टी फुंकतच होते. खाली सगळं विझल्यावर त्यांनी 'आग आटोक्यात' असा सिग्नल दिला.

त्या दिवसापासून गावात एकच बोलणं, यंदाची कळशी कुणाची हे सांगायला नको. मामा मात्र सांगायला लागले, की कप्तानाच्या घरच्या माणसाला पुरस्कार देता येत नाही, तो वशिला होतो. असा नियम कुणी कधी ऐकला नव्हता. मामीला मात्र त्यातलं खरं कळत होतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिला निदान उखाण्याची सोय असते. नवराही बायकोचं नाव घेत नाही, आणि त्याला तीही सोय नाही. मामांच्या तोंडून आजवर मामीचं नाव कुणी ऐकलेलं नाही. ती 'अगं ए' असते, नाहीतर 'गॅली'. रेशनच्या ऑफिसात बायकोचं नाव विचारलं तेव्हा मामा माझ्याकडं वळून म्हणाले, सांग की. आणि आता ते नाव भोंग्यावरून, अख्ख्या गावासमोर, तीनदा पुकारायचं होतं. मामी मला म्हणाली, "नियमाचं काय सांगायलेत? त्यांच्या तोंडातून माझं नाव निघत न्हाई, हे खरं दुखणं हाय. जल्मभर ताट धरले. यंदा धरते, आन् कळशी दुसऱ्याला गेली की तसंच बहिणीकडं मादन हिप्परग्याला जाते. परत कधी येईन ते सांगून जाणार न्हाई." ती रागानं बोलली असती तर मी हसलो असतो. ती अगदी शांतपणे पिशवीत लुगडी भरत होती.

हे मी मामांच्या कानावर घातलं. दोन दिवस त्यांनी चहासाठी झेंडेसुद्धा हलवले नाहीत. मग मला घेऊन हुमनाबादला भांडी आणायला गेले. डब्यांवरची नावं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितली. कळशीची वेळ आली तेव्हा दुकानदार नाव कोरायचं ते कर्रर्र वाजणारं यंत्र हातात धरून बसला आणि मामा वर टांगलेले कुकर बघत बसले. गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी मामा मला म्हणाले, जा, आपली गाडी लागली का बघून ये. गाडीला अजून पुष्कळ वेळ आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी परत आलो तेव्हा कळशी वर्तमानपत्रात बांधून तयार होती, आणि ती त्यांनी घरापर्यंत मांडीवरच ठेवली.

कार्यक्रम घरासमोरच होता. मामा पांढऱ्या गणवेशात, कमरेला मामीनंच शिवण उसवून सैल केलेला. मामी ताट धरून शेजारी. तिची भरलेली पिशवी उंबऱ्याला टेकवलेली सगळ्यांना दिसत होती. डबे वाटून झाले. शेवटी कळशी, अजून वर्तमानपत्रातच बांधलेली. मामांनी आगीची सगळी हकीगत वाचली, आणि कागदात नसलेलं एक वाक्य घातलं, की त्या वेळी मी वर शिट्टी फुंकायलो होतो आणि तिचा कुणालाच उपयोग झाला नाही. मग म्हणाले, "ह्या कामगिरीसाठी यंदाचा नेतृत्वाचा पुरस्कार..." आणि थांबले. भोंगा कुंई करून वाजला. मामांनी घसा साफ केला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं. फाट्यावर गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि मामीनं पिशवीकडं बघितलं.

तेव्हा मामांनी माईक खुर्चीवर ठेवला, खाली वाकून झेंडे उचलले, मामीसमोर ताठ उभे राहिले आणि हात हलवायला लागले. गावाला वाटलं, अप्पांचं डोकं फिरलं. मला झेंडे वाचता येत नाहीत, पण मी मामीचं तोंड बघत होतो. तिचे ओठ एकेका अक्षराला हलत होते. शेवटचं अक्षर झालं तशी तिनं मान हलवली, वाचलं म्हणून. मामांनी पुन्हा सुरुवातीपासून तेच पाठवलं, आणि मग तिसऱ्यांदा. तीनदा पुकारायचं हा नियम होता.

मामी हळूच म्हणाली, "आवो, दोन्ही हातांत ताट हाय. घेऊ कसं?"

मामांनी झेंडे बगलेत मारले आणि पुढं झाले. "दे इकडं," ते म्हणाले, "ताट धरायची मला सवय हाय."

ते ताट धरून ताठ उभे राहिले आणि मामीनं कळशी आपल्या हातानं उचलली. पहिली टाळी सर्जाच्या मालकानं वाजवली, आणि मग गावानं इतका कल्ला केला की फाट्यावरच्या गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला, वाट बघितली आणि निघून गेली. कळशीवरचं नाव मी नंतर बघितलं. अक्षरं वाकडीतिकडी, एक तर ओळ सोडून खाली घसरलेलं. दुकानदारानं मला पुढं सांगितलं, की मामांना नाव काही सांगता येईना, म्हणून त्यांनी यंत्र आपल्या हातात घेऊन ते स्वतःच कोरलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांनाच ते घेता आलं नाही, मी कोण घेणार?

आता मामांचे हात थरथरायला लागलेत. पूर्वी पदकांचं ताट ज्यांच्यावर हलत नसे ते हात आता झेंडा नीट जागेवर थांबवू शकत नाहीत, आणि कुठल्याही जहाजानं त्यातलं एक अक्षर वाचलं नसतं. परवा सकाळी मी मामीबरोबर माळवदावर होतो. बांधावर मामा दिसले, झेंडे डगमगत वर गेले. मी विचारलं, काय म्हणतायत? मामीनं मिरचीवरून नजर काढली, बघत राहिली, मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काय न्हाई, चहा मागायलेत." मला झेंडे येत नाहीत, पण चहाला इतकी अक्षरं लागत नाहीत एवढं मलाही कळतं.