शेवटच्या बाकावरून इतिहास विभाग

अमरावतीच्या त्या कॉलेजात इतिहासाचे शालिकराम सर वर्गात शिरले, की पडदा वर गेल्यासारखं वाटे. शुभ्र धोतर, काळा कोट, खर्जातला आवाज. फ्रेंच राज्यक्रांती ते अशी उभी करत, की बास्तीलचा तट म्हणजे गावातल्या अंबागेटाजवळचा परकोटच वाटावा.

प्राचार्यांनी एक रीत घातली होती. दर तीन वर्षांनी प्रत्येक विभागानं स्वतःलाच तपासायचं. एकमेकांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं, दिसेल ते पानभर लिहायचं आणि सगळ्या शिक्षकांसमोर वाचायचं. आजवर विभागात सर एकटेच. 'काम समाधानकारक' एवढं लिहून मोकळे होत. १९६२ साली मात्र जोडीला भातकुलीचा धर्मपाल होता. घराण्यातला पहिला पदवीधर, दोन वर्षांच्या बोलीवर लागलेला. मार्चमध्ये मुदत संपत होती. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सरांच्या शिफारशीवर होतं.

धर्मपाल सरांच्या तासाला मागं जाऊन बसला. आवाज तोच, रंगत तीच. पण वर्गात एकही पेन हलत नव्हतं. शेजारचा गोवर्धन एका पिवळ्या पडलेल्या वहीतल्या ओळींवरून नुसतं बोट फिरवत होता.

"लिहीत काहून नाही?" धर्मपालनं हळूच विचारलं.

"काय लिहू सर? भावाची वही हाये, त्रेपन्नची. सर एक शब्द इकडचा तिकडं करत नाहीत. पाहा ना."

समासात लिहिलं होतं : 'इथं सर पाणी पितात.' धर्मपालनं मान वर केली. सर पाणी पीत होते.

चार दिवस त्याच्या हातून पान लिहून होईना. बायको सत्यवती म्हणाली, "टाका ना लिहून समाधानकारक. तुमचं काय जाते?"

"पोरं लिहीतच नाहीत तर खोटं कसं लिहू?"

"मंग खरं लिहा. पण सभेत वाचाच्या आधी त्यायले घरी जाऊन दाखवा. मानाचा माणूस हाये."

रविवारी सकाळी सरांनी ते पान दोनदा वाचलं. आत चहा सांगितला.

"धर्मपालजी, तुमच्या शिफारशीचा कागद माझ्यापाशी हाये, ठाऊक हाये ना?"

"हो, सर."

"तरीबी लिहिलं?"

"हो, सर."

चहा आला. सरांनी कप उचलला. "पयल्या साली मी रोज नवं वाचून जात होतो. एक दिवस तास असा रंगला, पोरायनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या साली तोच केला. रंगलेलं मोडवत नाही हो." मग कप खाली ठेवून म्हणाले, "उद्या मी तुमच्या वर्गात."

सोमवारी सर शेवटच्या बाकावर. धर्मपालचा आवाज बसला, एक साल चुकलं, ते त्यानं फळ्यावर खोडून सुधारलं. एका मुलीच्या प्रश्नाला 'पाहून सांगतो' म्हणावं लागलं. सरांची मान तासभर खालीच होती. घंटा झाली तसे ते निघून गेले. गेली नोकरी, असं धरूनच धर्मपाल सभेला आला.

सभेत सरांनी स्वतःवरचं पान स्वतःच वाचलं, खर्जात, एक शब्द न गाळता. 'इथं सर पाणी पितात'ला शिक्षक हसले. हसू विरेपर्यंत सर थांबले आणि त्यांनी दुसरा कागद उघडला.

"धर्मपाल. आवाज लहान. सन एकदा चुकला, स्वतः दुरुस्त केला. मुलं लिहीत होती. मीही दोन पानं लिहिली. कायम करावे."