कचेरीची चौथी खुर्ची

आमच्या घरात सिनेमाच्या महागाईचा विषय निघाला की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मागच्या महिन्यात सुनेने चौघांच्या तिकिटांचा आणि वर मक्याच्या लाह्यांचा खर्च सांगितला. आता आई म्हणणार, एवढ्या पैशांत आमच्या वेळी अख्खी वाडी सिनेमा बघून आली असती, असं वाटून मुलगा आधीच हसायला लागला. मी उठले आणि गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात गेले. आमच्या वेळचं तिकीट मला कुणी विचारू नये. सबंध आयुष्यात मला एकच दर पाठ आहे, साडेचार रुपये, आणि तोही मी भरलेला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही मालवणच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात भाड्याने राहत होतो. मिस्टर तालुक्याच्या कचेरीत होते आणि करमणूक कराचे कागद त्यांच्या टेबलावर येत. गावात एकच थिएटर. पुढे बाकं, मागे खुर्च्या. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेतल्या कडेच्या चार खुर्च्या कचेरीच्या. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आम्ही येवो न येवो, त्या चारांवर कुणी बसत नसे. मिस्टर म्हणजे कुणाच्या घरचा चहा घ्यायलाही दहा वेळा विचार करणारा माणूस. पण त्या खुर्च्यांचं त्यांना कधी काही वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही. मी कणकवलीची, दुकानदाराची मुलगी. फुकट मिळालेली वस्तू दुप्पट गोड लागते हे मला लहानपणापासून माहीत. महिन्यातून दोनदा आम्ही जात असू. दारवान आम्हाला बघून पडदा वर धरायचा, आणि तिकीट फाडून घेणाऱ्या बायकांच्या देखत तसंच आत शिरताना माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे रोज मासे घेऊन यायची ती बाई माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. नवरा होडीवर जायचा, ही पाटी घेऊन घरोघरी. मागच्या दारी पायरीवर पाटी उतरवायची, केळीच्या पानाखालचे बांगडे दाखवायची, वाटा लावायची, आणि मग आमचं रोजचं भांडण सुरू. ती दहा म्हणाली की मी सहा म्हणायची. शेवटी आठाला तुटायचं, आणि आठाला घेऊनसुद्धा मी वर दोन तारल्या टाकायला लावायची. शेजारणी म्हणायच्या, भाव करावा तर हिने. मला त्याचा अभिमान होता. ती माझ्याशी मालवणीत बोलायची आणि मी तिच्याशी शुद्ध बोलायची. माहेरी मीही माका-तुकाच करत होते, पण कचेरीतल्या माणसाची बायको झाले ना!

त्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा विजयदुर्गाकडचा, स्वतःची होडी असलेला. हिच्या मानाने घर मोठं. माघात मुलाची आई दोन दिवसांसाठी यायची होती, घर बघायला आणि बोलणं पक्कं करायला. हिच्या मनात आलं की विहिणीला सिनेमा दाखवायचा, आणि तोही बाकावर नाही, खुर्चीवर बसवून. ती स्वतः कधी खुर्चीवर बसली नव्हती. वर्षातून एकदा दिवाळीत बाकावर, तेवढंच. पण विहिणीने घरी जाऊन सांगायला हवं होतं की माणसं बेताची असली तरी हात आखडता नाही. नाहीतर पोरीला जन्मभर ऐकावं लागतं, असं ती पाटी बाजूला सारून मला सांगत होती. मग तिने खुर्चीचं तिकीट विचारलं.

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तीन रुपये."

तिने पुन्हा विचारलं, नक्की ना म्हणून. थिएटरच्या खिडकीशी दरांचा फलक होता, पण तिला वाचता येत नव्हतं, आणि खिडकीत तोंड घालून नुसता भाव विचारायची लाज वाटत होती. मी जरा चिडलेच. म्हटलं, अगं, कचेरीचे कागद आमच्या घरातून जातात, मला नाही माहीत तर कुणाला माहीत? ती हसली. म्हणाली, "तुमका विचारला म्हंजे सरकाराक विचारल्यासारख्या." आणि बोटांवर तीन त्रिक नऊ करत गेली. ती, मुलगी आणि विहीण.

तीन रुपये हा दर मी कुठेतरी पूर्वी ऐकलेला होता. दिवाळीनंतर तो वाढला होता. दरवाढीचा कागद मिस्टरांच्याच टेबलावरून गेला होता, आणि एका रात्री जेवताना त्यांनी मला ते सांगितलंही होतं. मी तेव्हा बांगड्याचा काटा काढत होते. हं म्हटलं आणि विसरले. जे पैसे आपल्या हातातून जात नाहीत ते लक्षात कशाला राहतील?

त्या रविवारी सहाच्या खेळाला मी दोन्ही पोरांना घेऊन गेले. मिस्टर कामासाठी कुडाळला गेले होते. खिडकीशी त्या तिघी उभ्या होत्या. हिने लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा वळेसर. विहीण चांगली उंचपुरी, दंडात वाकी घातलेली. मुलगी खाली मान घालून दोघींच्या मागे. हिने रुमालाची गाठ सोडली आणि नऊ रुपये आत सरकवले.

खिडकीतल्या माणसाचा आवाज मोठा होता, रांगेच्या शेवटपर्यंत जाणारा. "तीन रुपये दिवाळीत गेले. खुर्ची साडेचार. नऊ रुपयांत दोनच येतात."

ती म्हणाली, "वैनींनी तीन सांगल्यानी."

"खंयच्या वैनींनी?"

तिने मागे वळून बघितलं. मी चार पावलांवर होते. आमची नजरानजर झाली आणि मी भिंतीवरच्या चित्राकडे बघायला लागले. पुढच्या खेळाचं चित्र होतं, कुणीतरी कुणालातरी घोड्यावरून पळवून नेत होतं. मी ते वाचल्यासारखं केलं. माझ्या पिशवीत वीस रुपये होते. साडेचार रुपये काढून द्यायला किती वेळ लागतो? पण काढले असते तर चुकीचा भाव सांगणारी वैनी मीच, हे रांगेतल्या सगळ्यांना कळलं असतं. तेवढ्यात खिडकीतल्या माणसाचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्याच मोठ्या आवाजात, पण गोड करून, तो म्हणाला, "या वैनी, तुमच्या खुर्च्या ठेवल्या आहेत." दारवानाने पडदा वर धरला. मी पोरांचे हात धरले आणि तिच्या बाजूने आत गेले.

आत मी आमच्या रांगेत बसले. माझ्या एका बाजूला दोन्ही पोरं, दुसऱ्या बाजूला चौथी खुर्ची. ती मिस्टरांची. तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली.

जरा वेळाने विहीण आणि मुलगी आल्या आणि आमच्या पुढच्या रांगेत बसल्या. दोघीच. मला समजलं. विहिणीने विचारलं, "तुझी आवस खंय?" आणि ती एवढीशी पोर अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तिका भुतूर गुदमारता. भायर वाऱ्याक बसली हा." विहिणीने मागे वळून दाराकडे बघितलं आणि मग माझ्या पिशवीकडे बघितलं. निदान मला तसं वाटलं.

सिनेमा रडका होता. एरवी मी पदर ओला करून येणारी. त्या दिवशी कोण कुणाची सून आणि कोण मेलं, काही कळलं नाही. कुणीतरी आत शिरलं की दारवान पडदा वर करायचा आणि बाहेरच्या पायरीवर तिची हिरवी पाठ दिसायची. उठून दारापर्यंत जायचं आणि म्हणायचं, ये, बस. एवढंच होतं. त्याला तर साडेचार रुपयेही लागत नव्हते. मी का उठले नाही ते सांगते, आता काय लपवायचं. पुढच्या रांगेत डॉक्टरांची बायको होती, बँकेतल्या साहेबांची बायको होती, आणि मासेवाली माझ्या मांडीला मांडी लावून बसली तर या काय म्हणतील ही एक भीती. आणि दुसरी त्याहून वाईट. ती बाजूला बसली असती तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. मध्यंतरापर्यंत बघू, असं मी स्वतःला सांगितलं. मध्यंतरात तिने विहिणीला आणि मुलीला सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन दिल्या. म्हणजे वर दोन रुपये होते तिच्याजवळ. बाकावर बसता आलं असतं. पण बाकावर बसली असती तर विहिणीला दिसली असती, आणि सोड्याचे पैसे उरले नसते. तिने स्वतः काही प्यायलं नाही. घंटा झाली, सगळे आत आले, आणि मी पिशवी उचलून पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवली.

मिस्टर कुडाळहून आल्यावर मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की खुर्चीचा दर वाढला काय. ते म्हणाले, अगं, सांगितलं नव्हतं का तुला! मग जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी ती मासे घेऊन आली तेव्हा मी आमच्या मुलीला पैसे देऊन पाठवलं आणि आतल्या खोलीत बसून राहिले. चार दिवस असं केलं. पाचव्या दिवशी गेले, तर तिने नेहमीसारखा वाटा लावला, मी नेहमीसारखी घासाघीस केली, आणि सिनेमाचं नाव तिने काढलं नाही. मला वाटलं, सुटले. चैत्रात लग्न झालं. ती अक्षता घेऊन आली होती. मी एक स्टीलचा डबा दिला आणि गेले नाही.

दिवाळीला तिची मुलगी माहेरी आली, आणि नंतर चार दिवसांनी मागच्या दारी वाटा लावता लावता ती सहज बोलावं तशी बोलली. पोर बरी आहे, नवरा चांगला आहे, पण सासू ऊठसूट एकच काढते. मीठ जास्त पडलं तरी तेच, नारळ नासका निघाला तरी तेच. तुझ्या आवशीने आम्हाला शिनेमाक नेलं आणि आपण भिकारणीसारखी दारात बसली. पोरीने आता सिनेमाचं नाव टाकलंय, ती म्हणाली. जे होऊ नये म्हणून तिने नऊ रुपये गाठीला बांधले होते, नेमकं तेच झालं होतं, आणि ते माझ्यामुळे.

मी त्याच संध्याकाळी थिएटरवर गेले. सिनेमा बघायला नव्हे. पोर अजून माहेरी होती, मायलेकींना निदान एकदा खुर्चीवर बसवावं, एवढंच डोक्यात होतं. खिडकीत नऊ रुपये ठेवले आणि दोन तिकिटं मागितली. तो माणूस हसायला लागला. तुमच्याकडून पैसे घेतले तर मालक मला घरी बसवील, म्हणाला, आणि मालकाच्या सहीच्या दोन चिठ्ठ्या हातावर ठेवल्या. मी आग्रह करायला हवा होता. एकदा नको नको म्हटलं, आणि नऊ रुपये परत पिशवीत टाकले. टाकताना बरंही वाटलं, नऊ रुपये वाचले म्हणून. आता बोला.

सकाळी ती पायरीवर बसल्या बसल्या मी त्या चिठ्ठ्या तिच्या पुढे धरल्या. म्हटलं, खुर्चीच्या आहेत, तू आणि पोर जाऊन या. तिने हात पदराला पुसले, पण पुढे केले नाहीत.

"पैशे किती पडले ह्येका?"

"पैसे नाही पडले. फुकट आहेत."

आवाज चढवून नाही, भावाचं बोलताना बोलायची तसंच ती म्हणाली, "फुकट त्या दिवशी पण होता, वैनी. तुमच्या बाजूक खुर्ची रिकामी होती. दारवान पडदो वर करी तेवा माका दिसा. थंय तुमची पिशी बसलेली."

मला वाटत होतं की ती पाठमोरी होती. मी उभी होते ती खाली बसले, तिच्याच पायरीवर, आणि कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडातून माहेरची भाषा आली. "माझा चुकला गो बाय."

"आसांदे," ती म्हणाली आणि पाटीवरचं पान बाजूला केलं. "बांगडे घेतास?"

चांगले फडफडीत बांगडे होते. तिने वाटा लावला आणि बारा रुपये सांगितले. आणि मी, देवाशपथ, डोळे अजून ओले असताना, रोजच्या सवयीने म्हणाले, "एवढे महाग?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग दोन रुपये कमी केले, आणि मी दहा रुपये दिले.