रेट्रोमध्ये आज माझंच नाव निघालं

मंडळी, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात आहे, म्हणून लिहितोय.

वर्ध्यात आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे, मी तिचा प्रमुख. दर दोन आठवड्यांनी आम्ही रेट्रो घेतो. काय जमलं, काय चुकलं, यावर त्यात सगळे मोकळेपणाने बोलतात. निदान मला तसं वाटायचं.

या वेळी मोठंच चुकलं होतं. हिंगणघाटच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, केलेल्या आमच्या ॲपने सोमवारी रांगेचं एकच टोकन दोन-दोन गाड्यांना दिलं. कापूस घेऊन आलेले लोक गेटवर एकमेकांशी भांडत होते.

आज मी विचारलं, "हे टेस्टिंगमध्ये काऊन नाई दिसलं?"

मग आमची टेस्टर प्रणाली हळूच म्हणाली, "दिसलं होतं सर. मी तुमाले सांगितलं होतं. तुमी म्हणाले, आता नको, पुढच्या वेळी पाहू."

मला आठवलं. स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती वही मिटून घेताना दिसली.

"बरोबर आहे. चूक माझी आहे," एवढंच म्हणालो.

त्यानंतर एकेक जण बोलायला लागला. शेवटी ठरलं की प्रणालीने थांबा म्हटलं, तर ॲप ग्राहकाकडे जाणार नाही. मी म्हटलं तरी नाही.

निघताना तिला विचारलं, "सोमवारी गोंधळ झाला तेव्हाच काऊन नाई बोलली?"

"तुमी विचारता सर, पण उत्तरही तुमीच देऊन टाकता."

तुमच्या मीटिंगमध्ये "चूक तुमची आहे" असं तुम्हाला शेवटचं कोणी, कधी सांगितलं?