पंखाला खळ

आमच्या मामंजींना सगळ्यातलं कळायचं. वडगावात कुणाचं रेडकू आजारी पडो, कुणाची कंबर धरो, माणूस आमच्या दारात हजर. स्वतःचे गुडघे मात्र खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागावर पाय मारून मारून धरलेले. उठताना चारदा देवाचं नाव घ्यायचे. ते दिवस दुसऱ्या लढाईचे. सुताची मारामार होती, आणि डॉक्टर म्हणजे साहेबी थेर असं त्यांचं मत होतं.

कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, वटवाघळाचं तेल गुडघ्याला चोळा, पळायला लागाल. झालं! लोंढ्याच्या रानाकडनं आलेल्या एका पाव्हण्यानं जाळ्यात धरलेलं वटवाघूळच आणून दिलं, जिवंत. एक पंख फाटलेला. मामंजी म्हणाले, "आजारी जनावराचं तेल कामाचं न्हाय. आधी ह्येला बरं करायचं, मग मारायचं." काय ती दया!

त्यांनी पंख ताणून उजेडात धरला नि विणकराच्या नजरेनं बघितला. "पोतच हाय की गं हे. खळ लाव, धरून बसतंय." खळ म्हणजे सूत ताठ राहावं म्हणून आम्ही ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, द्यायचो ती पेज. ती शिजवायचं काम माझं. मी म्हटलं, "मामा, जखमेला कुणी खळ लावतंय व्हय?"

"चाळीस वर्सं खळ लावतोय मी," हे उत्तर. मी चुलीवर खळ चढवली.

कोंबड्यांच्या डालग्याखाली ते जनावर स्वतःच्याच घाणीत पडून राहिलं. रोज सकाळी कुंच्यानं पंखाला खळ. ती आंबली, तिसऱ्या दिवशी वास मारू लागली, खाली पू झाला. यात चूक कुणाची? माझी! खळ पातळ झाली म्हणे. पाण्याला जायच्या वाटेवर एका चिंचेला वटवाघळं लोंबत असायची. कितीकांच्या पंखांना भोकं, पण कडा भरून आलेल्या, नि दिवस मावळताना सगळी ऐटीत उडून जायची. त्यांना बिचाऱ्यांना वैद्य मिळाला नव्हता.

पाचव्या दिवशी खळ लावताना ते माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला कडकडून चावलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही चावले असते.

त्या बोटावर माझी सगळी पत होती. ताण्यातली तार तुटली की अंगठा नि त्या बोटात पिळून मी अशी सांधायची, की जोड कुठं आहे ते विणणाऱ्यालाही सापडू नये. माझ्या आमटीला रोज नावं ठेवणारे मामंजी तेवढ्यासाठी मला हाक मारायचे, "सूनबाई, तार तुटली." त्या एका हाकेवर मी त्या घरात ताठ मानेनं वावरत होते.

आता बोटाला काय लावावं? खळच! वर रेशमाची चिंधी, गच्च आवळून. आमचे यजमान म्हणाले, "आप्पा म्हणतात तर राहू दे की." हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, मी बरळायला लागले, तेव्हा कुठं गाडी जुंपली. बेळगावच्या डॉक्टरानं चिंधी पाण्यात भिजवून सोडवली नि नाकाला रुमाल लावला.

"पू बाहेर यायची वाटच बुजवलीत की! कुणी लावलं हे?"

मामंजी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. डॉक्टरानं दोन पेरं कापली. हात वाचला, म्हणून मी नशीबवान म्हणे.

घरी आलो तर डालग्याखाली वटवाघूळ मरून पडलेलं, पंख मुळापर्यंत कुजलेला. तेलाचं नाव परत कुणी काढलं नाही. माझ्या बोटाचंही नाही. मी परसात जाऊन रडले. वटवाघळासाठी नव्हे, बोटासाठीच रडले, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरानं मामंजी मागावर बसले होते. धोट्याचा आवाज मधेच थांबला नि सवयीनं हाक आली, "सूनबाई, तार तुटली."

मी गेले. ते थोटकं बोट त्यांच्या तोंडापुढं धरलं.

"लावा खळ," म्हटलं.