कणकेचा भाव

कल्पनेतल्या राज्यात भाकरी कितीला मिळावी, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर बसून मी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी बाजार उभे करते. तलवारीची किंमत किती, धर्मशाळेत मुक्कामाचे किती, राक्षस मारल्यावर हाती काय यावं आणि ते कुठे खर्च व्हावं, हे सगळं मी बघते. नातेवाइकांना हे काम समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. "म्हणजे खोट्या पैशांची कारकुनी," असं म्हणून एका मावशीनं विषयच संपवला होता. असू दे. खोट्या पैशाला किंमत आणणं हे खऱ्या पैशाइतकंच अवघड असतं आणि मला ते चांगलं जमतं. कुणाला ही बढाई वाटली तर माझी हरकत नाही.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. नव्वदीच्या दशकात, मी अकरावीत असताना, आम्ही दक्षिण दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. बाबांनी प्रॉव्हिडंट फंड जवळजवळ रिकामा करून तो घेतला होता. चौथा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची, आणि बाल्कनीतून एका बाजूला मोहरीची शेतं, तर दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे राहिलेले खांब दिसायचे. बाबा रोज संध्याकाळी तिथे उभे राहून म्हणायचे, "बघत राहा, पाच वर्षांत इथे काय होतं ते." पुढे त्यांचं खरं ठरलं. पण मला त्या वेळी पाच वर्षांनंतरचं काही नको होतं. क्वार्टरमध्ये जिना उतरला की मैत्रिणी भेटायच्या, इथे जिना उतरला की वाळूचे ढीग. मी एकटी पडले होते आणि ते कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक पंजाबी कुटुंब होतं. दोन भाऊ, आईवडील आणि दादी. थोरल्याला अमेरिकेतल्या मामानं एका खेळाचं नियमांचं पुस्तक पाठवलं होतं. या खेळाला पट लागत नाही. एक जण गोष्ट सांगतो, म्हणजे राज्यं, डोंगर, दुकानदार, राक्षस सगळं तोच असतो. बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे किंवा जादूगार होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. दर रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीत चौघांचा हा खेळ चालायचा: दोघं भाऊ, त्यांच्या वरच्या मजल्यावरची एक मुलगी आणि एक बंगाली मुलगा. त्यांना पाचवं कुणीतरी हवं होतं. दूध आणायला गेले असताना धाकट्या भावानं मला विचारलं आणि त्या रविवारपासून मला त्या अख्ख्या सेक्टरमध्ये जायला एक घर मिळालं.

पावसाळ्यात थोरला भाऊ इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला. आता गोष्ट कोण सांगणार असा प्रश्न आला, तेव्हा कुणी विचारायच्या आत मी म्हणाले, "मैं चलाती हूँ." मी अर्थशास्त्र घेतलं होतं आणि पहिले दोन धडे वाचून सगळं कळल्याच्या थाटात होते.

थोरल्या भावानं मात्र मागे फार वाईट वारसा ठेवला होता. तो सढळ हाताचा. त्याच्या प्रत्येक गुहेत एक पेटारा आणि प्रत्येक पेटाऱ्यात सोनं. धाकट्याच्या योद्ध्याकडे तीन पेटारे मोहरा जमल्या होत्या. वरच्या मजल्यावरची मुलगी जादूगार होती, तिनं एक बंदर विकत घेतलं होतं. बंगाली मुलाचा चोर आता चोरी करायचा कंटाळा करायचा, कारण चोरण्यासारखं सगळं त्याच्याकडे होतंच. कशाची भीती नाही, कशाची गरज नाही. मी एखादं संकट रंगवून सांगायला लागले की धाकटा हात हलवून म्हणायचा, "पैसे दे देंगे यार, आगे चलो."

मी उपाय केले. तलवारीचे भाव दहापट केले, त्यांनी हसत मोजले. राजाकरवी कर बसवला, त्यांनी वसुली करणाऱ्याला विहिरीत टाकलं. चोरांची टोळी सोडली, तर त्या टोळीकडचंच सोनं यांना मिळालं आणि पेटारे साडेतीन झाले. डिसेंबर संपता संपता वरच्या मजल्यावरची मुलगी खेळताना मासिक चाळायला लागली. शेवटी धाकट्यानं सांगून टाकलं, "एक और संडे देखते हैं. फिर बंद करते हैं, मज़ा नहीं आ रहा." तो वाईट वाटू नये अशा बेतानं बोलला, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

तो 'एक और संडे' यायच्या आत संक्रांत आली. दरवर्षीसारखी दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली. मी तोंड पाडून खिडकीपाशी बसले होते. स्मारकापाशी फुलं वाहून झाली, भाषण झालं, मग सगळे उन्हात सतरंज्यांवर पुरी-भाजीचे डबे उघडून बसले. मंडळाचे एक काका इतिहासात शिरले होते. मराठ्यांनी दिल्लीच्या किल्ल्यातलं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली, हे ते हातवारे करत सांगत होते.

माझी आई सरकारी नोकरीत होती. ठरलेल्या बाजारांत, ठरलेल्या दुकानांत जाऊन डाळ, तांदूळ, साबण, रॉकेल यांचे भाव लिहून आणायचे, हे तिचं काम. महागाई किती वाढली हे त्यावरून वर कुठेतरी ठरायचं. पराक्रमात तिला फारसा रस नव्हता.

"अच्छा, नाणी होती," ती पुरीचा तुकडा मोडत म्हणाली. "पण एवढ्या माणसांना पीठ कुठून येत होतं?"

"वहिनी, रसद तोडली होती ना. शेवटी उपाशी होते सगळे."

"मग कणकेचा भाव काय असेल तेव्हा?"

"भाव कसला? माल असेल तर भाव," काका म्हणाले.

"बरोबर," आई म्हणाली. "माल नसला की आम्ही भावाच्या रकान्यात आडवी रेघ मारतो. तिथे मोठा आकडा लिहायचा नसतो. नवीन पोरं हमखास लिहितात."

माझ्या हातातली पुरी तशीच राहिली. मी सहा महिने मोठमोठे आकडे लिहीत बसले होते. बस दिल्लीला पोहोचेपर्यंत मी आईला प्रश्न विचारून हैराण केलं: वेढा पडला तर आधी काय महागतं, काय स्वस्त होतं, घोडा कोण विकतं, मीठ कधी संपतं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. इतकं मन लावून मी तिच्या नोकरीबद्दल कधीच विचारलं नव्हतं, याचं तिला काय वाटलं असेल, हे मला पुष्कळ नंतर सुचलं.

रविवारी मी आईच्या फॉर्मसारखा कागद आखून नेला. वस्तू, माप, भाव. माझ्या योद्ध्यांना एका तटबंदीच्या शहरात आणलं, बाहेर शत्रूचा वेढा घातला आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. रेशीम कवडीमोल. घोडा कोंबडीच्या भावात, कारण चारा संपलेला. तलवारी फुकट. आणि कणकेपुढे आडवी रेघ.

"ये लाइन क्या है?" धाकट्यानं विचारलं.

"माल नहीं है."

"दस हज़ार."

"नहीं है."

मासिक मिटलं गेलं. पुढचा तासभर त्यांनी शहर पालथं घातलं. खेळात दिवस जात होते, उपाशी योद्ध्यांची ताकद कमी होत होती, ती मी शांतपणे कागदावरून खोडत होते. मला फार मजा येत होती हे कबूल करते. शेवटी चोरानं एका दुकानदाराच्या तळघरात कणकेचं एक पोतं हुडकून काढलं. धाकट्यानं साडेतीनच्या साडेतीन पेटारे त्याच्या पायरीवर आणून ठेवले.

"इसका मैं क्या करूँ?" मी दुकानदाराच्या आवाजात म्हणाले.

धाकटा चिडला. "ठीक है," असं म्हणून त्यानं फासे उचलले. "मार देते हैं इसे."

याचा मी विचारच केला नव्हता. दुकानदार म्हातारा, हे तिघं शस्त्रधारी. फासे पडले की दुकानदार मेला, पोतं यांचं, आणि पुन्हा तेच सगळं. मला अडवता येत नव्हतं. नियमांत तशी सोय नव्हती.

"किसे मार रहा है?" खिडकीपाशी उन्हात बसून मटार सोलणाऱ्या दादीनं विचारलं. दर रविवारी ती तिथेच असायची. आमचं काय चाललंय ते ती ऐकते, हे आम्हाला माहीत नव्हतं.

"दुकानदार को, दादी. इतना सोना दे रहे हैं, आटा नहीं देता."

"सोना तो मेरे पास भी था," दादी म्हणाली. "सैंतालीस में मुलतान से आते वक़्त गाड़ी पूरा दिन खड़ी रही. एक आदमी पानी लेकर आया. एक लोटे का एक कड़ा."

धाकट्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. तिच्या उजव्या मनगटात सोन्याचं कडं होतं, डावं मनगट मोकळं.

"दूसरा कड़ा तो खो गया था ना?"

"खोया नहीं. दिया."

"एक लोटा पानी के लिए? लूट लिया उसने आपको."

दादीनं एक शेंग उकलली आणि दाणे भांड्यात टाकले. "तेरा बाप आठ महीने का था," ती म्हणाली. "महँगा नहीं था."

मग ती पुढची शेंग सोलायला लागली. आपल्या वडिलांना कधी तहान लागली असेल हे त्या मुलाच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा आलं असावं. त्याच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटत होतं. त्यानं फासे चटईवर ठेवले, टाकले नाहीत. माझ्याकडे, म्हणजे दुकानदाराकडे पाहून त्यानं विचारलं, "अच्छा, आपको क्या चाहिए?"

सहा महिन्यांत माझ्या कुठल्याही दुकानदाराला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी भाव काढले होते, टंचाई आणली होती, पण या माणसाला काय हवंय, तो ते पोतं कुणासाठी जपून ठेवतोय, याचा मी विचारच केला नव्हता. मग म्हणाले, "मेरी बेटी. वो चक्की पर थी, जब दरवाज़े बंद हुए. बाहर रह गई."

"कितनी बड़ी है?" वरच्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं.

"सात साल की."

ते निघाले. कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. उपाशी, निम्म्या ताकदीचे, गटारातून सरपटत तटाबाहेर गेले. मी काही सूट दिली नाही. चोर मरता मरता वाचला, जादूगाराची सगळी विद्या खर्ची पडली, आणि ऊन उतरेपर्यंत धाकटा प्रत्येक फासा दोन्ही हातांत घोळवून, श्वास रोखून टाकत होता. मुलगी पाठीवर घेऊन ते परत आले तेव्हा दुकानाच्या पायरीवर साडेतीन पेटारे उघड्यावर तसेच पडले होते. वाटेत येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही त्यांना हात लावला नव्हता. ते मी सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

धाकट्यानं आपल्या कागदावरचा मोहरांचा आकडा रबरानं खोडला. बराच लांब आकडा होता, कागद काळा झाला. त्यावर त्यानं लिहिलं: आटा, आधी बोरी. अर्धं पोतं त्यानं दुकानदाराकडेच ठेवलं होतं, हे मला ते वाचल्यावर कळलं.

मी माझे कागद गोळा करत होते. खेळ बंद करण्याबद्दल आज कोण आणि कसं बोलणार, याची मी मान खाली घालून वाट बघत होते.

"सुन," तो म्हणाला. "सैटरडे को भी आ सकती है क्या?"

"देखती हूँ," मी म्हणाले, जसं काही माझ्या शनिवारावर दहा जणांचा डोळा होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. दप्तर पाठीवर घेऊन सरळ त्यांच्या दाराची घंटा वाजवली.