बॅटरीवाल्या मावशीने न बघितलेला शेवट

कालची दुपार डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे चुका होतील, चालवून घ्या. थांबले तर लिहिणारच नाही, म्हणून एका दमात टाइप करतेय.

माझी मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, टॉकीजमध्ये डोअरकीपर होती. एकोणिसाव्या वर्षी लागली, टॉकीज बंद पडेपर्यंत तिथेच. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला, का तर आवाज नको. उशिरा आलेल्यांना अंधारातून त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. गल्लीत तिला अजून बॅटरीवालीच म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "रोज तीन खेळांना माणसं बसवते, आता एकाला कुठे बसवू?" टॉकीजचं टाइल्सचं गोडाऊन झालं, मग ती कपड्यांच्या दुकानात लागली, ट्रायल रूमच्या बाहेर. तिथेही दारावरच.

आमच्या घरी कधी ती लाइट लावून पाणी प्यायला उठली नाही. अंधारात पावलं मोजत जाते आणि आम्ही सगळे टीपॉयला धडकतो.

आता मुख्य गोष्ट. तिच्या तरुणपणी एक सिनेमा लागला होता, अठ्ठावीस आठवडे हलला नाही. बंदरावरच्या लॉजमध्ये चादरी धुणारी एक बाई, परत येतो म्हणून गेलेला तिचा नवरा, आणि शेवटी ती एकटी बोटीवर चढते. बस, एवढीच गोष्ट. पण मावशीला तो सिनेमा म्हणजे जीव की प्राण. गाणी पाठ, डायलॉग पाठ, कोणत्या सीनला बाल्कनीत कोण खोकणार तेही पाठ. फक्त शेवट तिने कधीच बघितला नव्हता! कारण मालकाचा नियम, शेवटचं गाणं संपलं की डोअरकीपरने बाहेर जाऊन सगळ्या दारांच्या कड्या काढायच्या, नाहीतर लाइट लागल्यावर चेंगराचेंगरी. ती बोटीवर चढते हे मावशीला लोकांनी शंभरदा सांगितलेलं. पण दारात उभी राहून ती काय बघायची, तर अर्धी माणसं डोळे पुसत बाहेर यायची आणि अर्धी चक्क हसत. एकाच खेळाची!

"म्हणजे चढताना ती तोंड कसं करते?" मावशी म्हणायची. "रडते का हसते? का आणखीनच काहीतरी? मला तेवढंच बघायचंय गं."

मी लहानपणापासून तिला म्हणतेय, मग एक दिवस सुट्टी घेऊन बघायचा होतास ना! तर म्हणे, "आपल्याच टॉकीजमध्ये तिकीट काढून बसायचं? सगळा स्टाफ हसला असता. आणि वाटलं, आहेच की लागलेला, बघू आज ना उद्या." मग एका शुक्रवारी अचानक पोस्टर बदललं. संपलं. तो सिनेमा मोबाइलवर कुठेही नाही, मी अक्षरशः खणून काढलंय इंटरनेट. रिळं कुठल्यातरी गोदामात सडली म्हणतात.

आणि मावशीला काचबिंदू आहे. खूप उशिरा कळलं. अंधारात चालायची एवढी सवय की कडेचं दिसेनासं झालंय हे तिच्या लक्षातच आलं नाही. आता कागदाची पुंगळी डोळ्याला लावून बघावं, तेवढंच दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, आणि जे आहे ते वर्षभर टिकलं तरी नशीब. हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

आणि त्याच महिन्यात त्या सिनेमावरचं संगीत नाटक आमच्या शहरात आलं! गाणी तीच, गोष्ट तीच, बोट पण तीच. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये किंचाळले. हिरॉइन दुसरी आहे म्हटल्यावर मावशी म्हणाली, "असू दे. ते तोंड करायच्या आधी कुणीतरी विचार केलाच असेल ना." शेवटचा प्रयोग, दुपारचा. मी विचारबिचार न करता दुसऱ्या रांगेतली दोन तिकिटं काढली. तोंड बघायचंय म्हणजे जवळून, नाही का? मला वाटलं मी फारच हुशार.

नाटक सुरू झालं आणि पाच मिनिटांत मला कळलं मी काय करून ठेवलंय. जवळून स्टेज केवढं मोठं दिसतं! आणि मावशीची ती पुंगळी. तिला एक बूट दिसायचा, एक बादली, एक हात. हिरॉइन गात गात दोन पावलं सरकली की मावशीसाठी गायब.

"कुठे गेली?"

"उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे? तुझ्या का तिच्या?"

"मावशी, आपल्या!"

शेजारचे काका वैतागले. "अहो बाई, कॉमेंट्री बंद करा की."

"फुकटात मिळतीये, ऐका," मावशी म्हणाली. पण नंतर तिने विचारणंच बंद केलं. नुसती मान इकडून तिकडे फिरवत राहिली. आवाज येतोय आणि माणूस सापडत नाही. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

इंटरव्हलला तीच म्हणाली, "अगं वेडे, मागून बघायचं असतं. लांबून सगळं मावतं." मग मी मागे धावले. तिथे दारावर एक बाई होती, कानात ते स्टाफचं बोलायचं यंत्र, हातात बॅटरी.

"उभं राहता येणार नाही, मॅडम. नियम आहे."

मी रडायच्याच बेतात होते. मावशी माझ्या मागून आली. "बॅटरी खाली धर आधी. माणसाच्या तोंडावर मारायची नसते, पायाजवळ मारायची. किती दिवस झाले नोकरीला?"

"आठ महिने." बाई एकदम शाळेत असल्यासारखी उभी.

"मी एकतीस वर्षं केली. डोळे चाललेत माझे. इथे खांबाला टेकून राहते, कुणाला कळणार नाही."

बाई बाजूला सरकली.

आणि मागून खरंच सगळं मावलं! पूर्ण स्टेज, लॉज, दोरीवरच्या चादरी, बंदर. मावशीने माझा दंड एवढा घट्ट धरला की आज निळा पडलाय. "अगं सगळं दिसतंय! ती बघ, नवऱ्याचं पत्र वाचतीये!" ती ओठांतल्या ओठांत गात होती. पण इतक्या लांबून चेहरा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. ते मलाही कळत होतं, तिलाही.

शेवटचं गाणं संपलं. "चल," ती म्हणाली. "पुढे. आत्ता."

आम्ही अंधारात मधल्या वाटेने खाली उतरलो. दोन्ही डोळे धड असलेली मी तीनदा अडखळले. ती एकदाही नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा की खाली!" पहिल्या रांगेजवळ आम्ही जमिनीवरच बसलो, उकिडव्या. डाव्या बाजूला बोटीचा जिना, आणि हिरॉइन पाठमोरी चढायला लागली. मी मावशीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि जिन्याकडे वळवलं. "तिथे बघ. तिथेच बघ. आता वळेल." तिला दिसतंय ना, डोळे नेमके तिथेच आहेत ना, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत निळा उजेड होता आणि पापणी लवत नव्हती.

अख्ख्या थिएटरमधून एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज आला. मी मान वळवली तेव्हा स्टेजवर अंधार झाला होता.

काय झालं ते नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं: बोट फिरली होती. हिरॉइन जिन्यावर नव्हतीच. ती आतून जाऊन उजव्या टोकाला, वरच्या कठड्यापाशी आली होती, आणि तिथून वळून सगळ्यांकडे बघितलं होतं. आणि मी मावशीचं डोकं रिकाम्या जिन्याकडे दाबून धरलं होतं.

टाळ्या. मग लाइट, सगळे नट हातात हात घालून वाकतायत, हिरॉइन खळखळून हसतीये. मावशीने तिला शोधून काढलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे ते तोंड नाही."

मग माझ्याकडे वळली. "तुला दिसलं ना? कसं होतं?"

"मी तुझ्याकडे बघत होते."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"डोक्याला हात कशाला लावलास?" ती हळूच म्हणाली. "मी पावलांच्या आवाजावरून शोधलं असतं. मी मान वळवत होते, तू सोडेचना."

मी त्या काकांना गाठलं. "काका, शेवटी तिचं तोंड कसं होतं?" ते म्हणाले, "तोंड? मी बोट बघत होतो. फिरवली कशी हो ती बोट?" एका मुलीला विचारलं, ती म्हणाली, "कसलं भारी होतं ना!" आणि सेल्फी काढायला गेली. स्टेजच्या मागच्या दाराशी धावले, तर वॉचमन म्हणाला, कलाकार थांबत नाहीत, सामान ट्रकवर चढतंय, पुढचा मुक्काम लांब आहे. मी त्याच्याशी भांडले. त्याचा काय दोष होता?

परत आले तर मावशी पायरीवर बसून होती. बसने घरी आलो. घरी आईने विचारलं, कसं झालं नाटक? "चांगलं होतं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आज सकाळी मी म्हटलं, मावशी, मी शोधून काढते, कुणीतरी नक्की बघितलं असेल. ती म्हणाली, "ऐकून काय करू?"

बरोबर आहे तिचं. मला माहितीये. तरीही लिहितेय, कारण दुसरं काय करू ते सुचत नाहीये. तुमच्यापैकी कुणी ते नाटक बघितलं असेल, कुठल्याही गावात, तर मला कळवा. ती बोटीवर चढते ते माहितीये. गाणी माहितीयेत. फक्त ती कठड्यापाशी वळते तेव्हा तिचं तोंड कसं असतं तेवढं सांगा. भारी होतं, रडू आलं, असलं नको. भुवया, ओठ, हनुवटी, जे आठवेल ते. आणि लवकर सांगा. मंगळवारी तिला परत डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय आणि ती म्हणतेय, मी नाही येत.