चंपाषष्ठीचं वांगं

माझ्या धाकट्या जावेच्या झाडाला वांगी लागतात आणि माझ्या झाडाला नुसती पानं, हे दुःख मी बारा वर्षं गिळत आले. रोपं आम्ही दोघी एकाच दिवशी नदीपलीकडच्या रामनगरहून आणतो, तिथल्या पांढुरक्या, गोल भंट्याची, म्हणजे वांग्याचीच. गच्ची एक, शेणखत एक, माकडांसाठी लावलेली जाळीसुद्धा एकच. तरी चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत दरवर्षी हिच्याच वांग्याचं! वर सासूबाई म्हणणार, "धाकटीचं वांगं म्हणजे लोणी." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी मात्र दिवाळीतच माझ्या झाडाला फळ धरलं, तेही तिच्या आधी! आमच्याकडे चातुर्मासापासून थेट चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही. म्हटलं, राहू दे झाडावरच, तोवर नारळाएवढं होईल. खालून विटेचा टेकू दिला, वरून जुनी ओढणी बांधली. जाऊबाई आपली पहिली फळं तोडून खालच्या भाडेकरूंना वाटत सुटली होती. मलाही सांगायला आली, "ताई, तुम्हीपण तोडा ना. जास्त ठेवलं तर आत बीज भरून जातं."

मनात म्हटलं, दुखलं ना पोटात? एकदा माझं मोठं झालं तर बघवेना हिला!

षष्ठीच्या सकाळी मी ते गॅसवर भाजलं आणि साल काढली. आत बीच बी, तपकिरी, कडू जहर. जाऊ शेजारी रोडग्यांची कणीक मळत होती. तिनं पाहिलं, हात धुतले, आपलं कोवळं वांगं आणून भाजलं आणि माझ्याच पातेल्यात भरीत कालवलं.

नैवेद्य झाला. पानावर बसल्यावर सासूबाईंनी पहिला घास घेतला.

"यंदा कुणाचं गं?"

"ताईंचं," जाऊ म्हणाली.

"अगंबाई! थोरलीला जमलं म्हणायचं एकदाचं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण हे ऐकायला बारा वर्षं थांबले होते हो मी! मान खाली घातली आणि विचारलं, "आणखी वाढू का, आई?"

जावेचा त्या दिवशी आला तेवढा राग मला त्याआधी कधीच आला नव्हता.